डिकीवाले, घाट आणि ब्रेक

आमच्या बीड जिल्ह्यात मोटारींचे वर्गीकरण अगदी सोपे आहे: डिकीवाली आणि बिनडिकीची. ‘सेडान’ हा शब्द वर्तमानपत्रांतल्या जाहिरातींतून कित्येक वर्षे येत असला तरी मोंढ्यातल्या बोलण्यात तो अजून रुजलेला नाही. लांब, रुंद, मागे ऐसपैस डिकी असलेली ती डिकीवाली. बाकीच्या साऱ्या जीपच्या जातीच्या. एके काळी या डिकीवालीचे येथे निर्विवाद राज्य होते. जिल्हाधिकारी, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष, साखर कारखान्याचे चेअरमन आणि लग्नातला नवरदेव या चौघांना एकच वाहन शोभे, ते म्हणजे पांढरी अँबॅसिडर. आता पुढाऱ्यांचे ताफे उंच गाड्यांचे झाले, नवरदेवही उंच गाडीतूनच येतो (तीतून उतरताना फेटा सांभाळावा लागतो ही गोष्ट वेगळी), आणि डिकीवाल्या जुन्या वाड्यांच्या पडवीत ताडपत्रीखाली जाऊन बसल्या. त्या ताडपत्र्या बाजूला सारणाऱ्या काही मंडळींच्या संगतीत आम्ही गेली काही वर्षे आहोत. या संगतीत ब्रेक नावाच्या एका अगदी अनाकर्षक विषयाने कसे ठाण मांडले, ते सांगावे असा विचार आहे.

बीडसारख्या दुष्काळी मुलखात मोटारींचे वेड म्हणजे काय, असे कोणी विचारील. पण या मुलखाला रस्त्यावाचून दुसरा आधारच नव्हता. परळीला रेल्वे फार पूर्वीपासून; जिल्ह्याच्या ठिकाणी मात्र ती यायला १७ सप्टेंबर २०२५ हा दिवस उजाडावा लागला. तोवर एस.टी., ट्रक, नाहीतर गाडी. त्यात भूगोलही दुभंगलेला. उत्तरेला गेवराई-माजलगावकडे गोदावरीचे सपाट खोरे आणि दक्षिणेला बालाघाटाचे पठार. बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले की मांजरसुंब्याचा घाट चढावा लागतो. तेलगावकडून धारूरला जायचे तर धारूरचा घाट आहेच, अरुंद आणि वळणावळणाचा. सह्याद्रीतल्या घाटांची कीर्ती यांच्या वाट्याला आली नाही. पण उतार हा शेवटी उतारच. शिवाय दसरा झाला की याच रस्त्यांवरून ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. ट्रॅक्टरमागे ट्रॉली, ट्रॉलीत भांडीकुंडी, शेळी, लेकरे. आणि मागचा दिवा पुष्कळदा नसतो. घाट उतरणाऱ्याने पुढच्या वळणापलीकडे अशी एक ट्रॉली आहे असे धरूनच उतरावे लागते.

आमची मंडळी अकरा. संस्थेला नाव नाही, घटना नाही, वर्गणी नाही. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी मांजरसुंब्याला चहाच्या हॉटेलासमोर गाड्या उभ्या राहतात एवढेच. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंते नाना, केजचे वकीलसाहेब, मोंढ्यातले एक आडते, एक डॉक्टर, सरकारी गाडीवर उभी हयात घालवलेले एक ड्रायव्हर-अण्णा, आणि लग्नसमारंभांना सजवलेली अँबॅसिडर भाड्याने देणारा अंबाजोगाईचा एक तरुण, ज्याला सगळे दादा म्हणतात. आम्ही महाविद्यालयातून निवृत्त, म्हणून ‘सर’. आठ अँबॅसिडर, दोन काँटेसा आणि एक प्रीमियर वन-एटीन असा आमचा संसार. आमची स्वतःची गाडी १९८६ सालची, मार्क फोर, डिझेलवर चालणारी. तिचा आवाज ऐकून शेजारच्या गल्लीत पिठाची गिरणी सुरू झाल्याचा भास होतो, असे आमच्या सौभाग्यवतींचे मत आहे.

आम्ही या मंडळात नवखे होतो तेव्हा एक गोष्ट चटकन ध्यानात आली. बोलणे चाले ते इंजिनचे, हॉर्नचे, क्रोमच्या पट्ट्यांचे, मागच्या बाकाच्या मऊपणाचे. कोणी कार्ब्युरेटरवर तासभर बोले. ब्रेकवर कोणी बोलत नसे. आमच्या वाङ्मयातही हेच नाही का? घोडा उधळल्याची वर्णने पानोपानी सापडतील. लगाम नीट बसल्याचे वर्णन कोण करतो? असो.

विषय निघाला तो घरातून. गाडी घेऊन महिना झाला होता आणि कपिलधारला जाण्याचे ठरत होते. मन्मथस्वामींच्या समाधीचे हे स्थान मांजरसुंब्याजवळच. म्हणजे जाताना घाट चढायचा आणि येताना उतरायचा. सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, गाडी छान आहे. पण परवा चौकात तुम्ही पेडल दोनदा मारलंत तेव्हा ती थांबली. घाटात दुसऱ्यांदा मारायला वेळ मिळतो का?” या प्रश्नाला आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्या दिवशी आम्ही एस.टी.ने गेलो.

वाचकहो, थोडे यंत्राविषयी सांगणे भाग आहे. अँबॅसिडर ही जन्माने इंग्रजी. मॉरिस ऑक्सफर्ड सीरीज थ्री या गाडीचे साचे घेऊन हिंदुस्थान मोटर्सने १९५०च्या दशकाच्या अखेरीस बंगालमधल्या उत्तरपाड्याला ती काढायला सुरुवात केली, आणि २४ मे २०१४ रोजी उत्पादन थांबले. एवढ्या दीर्घ आयुष्यातली बहुतेक वर्षे तिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. पुढच्या चाकांना डिस्क आल्या त्या उत्तरायुष्यात. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारे लोखंडी भांडे. त्याच्या आत दोन अर्धगोल शू असतात; पेडल दाबले की तेलाच्या दाबाने ते फाकतात आणि भांड्याला आतून घासतात. पुढच्या चाकांत मॉरिसवाल्यांनी एक खुबी केली होती. दोन्ही शू अशा रीतीने बसवलेले, की फिरणारा ड्रमच त्यांना आपल्याकडे ओढून घेतो. त्यामुळे बूस्टर नसतानाही गाडी थांबते. मात्र चढावर गाडी मागे सरकू लागली की ड्रम उलटा फिरतो, ही खुबी हरपते आणि तेवढ्याच पायाला निम्मेही फळ मिळत नाही. जुने ड्रायव्हर चढावर उभे राहताना हँडब्रेक आधी ओढतात, त्याचे कारण हे.

आता उताराचा हिशेब. गाडी, पाच माणसे आणि डिकीतले सामान मिळून पंधराशे किलो धरा. ताशी ६० किलोमीटरवरून ती थांबवायची तर ब्रेकना सुमारे २०८ किलोज्यूल ऊर्जा उष्णतेच्या रूपाने गिळावी लागते. वेग ८० असेल तर हा आकडा ३७०च्या घरात जातो. वेग तिसऱ्या हिश्शाने वाढला, पण ओझे पाऊणपटीहून अधिक वाढले. आणि नुसत्या शंभर मीटर उंचीचा उतार वेग न वाढू देता केवळ ब्रेकवर उतरला, तर १४७० किलोज्यूल. म्हणजे ६०च्या वेगावरून सात वेळा थांबण्याइतके, तेही मध्ये दम न घेता. हा हिशेब नानांनी हॉटेलच्या बिलाच्या पाठीवर मांडून दाखवला, तेव्हा मंडळी चहा विसरली.

या उष्णतेने तीन गोष्टी होतात. ड्रम तापून फुगतो आणि शूपासून दूर सरकतो, त्यामुळे पेडल आणखी खाली जाते. लायनिंगची पकड ढिली पडते. आणि तिसरी गोष्ट सर्वांत दगाबाज. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट थ्री प्रतीचे नवे तेल किमान २०५ अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. पाणी मुरल्यावर हीच मर्यादा १४० अंशांपर्यंत खाली येते. डॉट फोरचे आकडे २३० आणि १५५. तेल उकळले की नळीत वाफ होते. तेल दाबले जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. पाय थेट फळीला टेकतो आणि गाडी तशीच चालत राहते. त्यातही आपल्याकडे डिझेल वाचवण्यासाठी घाट न्यूट्रलवर उतरण्याची जुनी खोड आहे. इंजिनचा सारा अटकाव सोडून देऊन पंधराशे किलोंचा भार चार तापलेल्या भांड्यांवर टाकायचा, आणि वाचवायचे काय, तर पेलाभर डिझेल!

हे सारे आम्हांला पुस्तकातून कळले नाही. बीडच्या बार्शी नाक्याकडच्या एका शेडमध्ये कळले. तेथले मिस्त्री वयाने सत्तरीकडे झुकलेले. सगळे त्यांना चाचा म्हणतात. आम्ही मोठ्या उत्साहाने पुढे डिस्क बसवण्याचा बेत सांगितला. चाचांनी गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “सर, डिस्कचं मग बघू. आधी हाय तो ब्रेक तर ब्रेक होऊ द्या.” चालकाच्या पायाखालचे जाजम उचलून, फळीतले झाकण काढून त्यांनी मास्टर सिलिंडरमध्ये पाहिले. आतले तेल उसाच्या काकवीच्या रंगाचे होते.

पुढचे दोन दिवस आम्ही त्या शेडमध्ये एका लोखंडी स्टुलावर बसून काढले, आणि अध्यापनाच्या पस्तीस वर्षांत पाहिली नाही अशी शिस्त तेथे पाहिली. चारही ड्रम उतरवून लेथवर गेले. आतल्या भिंतीवरचे चरे आणि लंबगोलपणा घालवण्यापुरतेच कातले गेले. व्हील सिलिंडरची रबरी किट नवी आली. त्यांपैकी एक सिलिंडर आतून गंजलेला निघाला, तो बदलला. नवे लायनिंग शूवर चढवून झाल्यावर चाचांनी खिशातून चक्क खडू काढला, लायनिंगला फासला, ड्रम चढवून हाताने फिरवला आणि पुन्हा उतरवला. खडू पुसला गेला होता तो फक्त मध्यभागी. “बगा, शंभरातला तीसच घासतोय.” मग कानशीने उंच भाग घासायचा, पुन्हा खडू, पुन्हा ड्रम. एका चाकाला पाचदा. सबंध लायनिंगवरचा खडू पुसला जाईपर्यंत त्यांनी ते चाक सोडले नाही. जुनी लायनिंग अॅस्बेस्टॉसची असत आणि त्यांची धूळ हवेच्या पाइपने उडवण्याची सर्वत्र पद्धत होती. आमच्या डॉक्टरांनी त्यावरून चाचांशी कडाक्याचे भांडण केले होते. तेव्हापासून शेडमध्ये ती धूळ ओल्या फडक्याने पुसली जाते. मंडळाने समाजासाठी काय केले असे कोणी विचारले, तर आम्ही हे फडके दाखवू.

शेवटी हवा काढायची वेळ आली. डॉट फोरचे नवे डबे फुटले. सर्वांत लांबचे, म्हणजे मागचे डावे चाक आधी. त्याच्या निपलला पारदर्शक नळी, नळीचे टोक तेल भरलेल्या बाटलीत, आणि पेडलवर एक माणूस. चाचांचा पोरगा त्या दिवशी आला नव्हता आणि आमचा गुडघा कुरकुरत होता, तेव्हा डबा घेऊन आलेल्या सौभाग्यवतीच आत बसल्या. “दाबा भाभी... धरा... सोडा.” बाटलीत बुडबुडे येत होते. चार चाके होईस्तोवर दुपार कलली. मग ड्रमच्या भोकातून पेचकस घालून अॅडजस्टर. पुढच्या प्रत्येक चाकाला दोन-दोन. चाक जखडेपर्यंत आवळायचे आणि मोकळे होईपर्यंतच सोडायचे. हे झाल्यावर पेडल वीतभर खाली जायचे ते तीन बोटांवर अडू लागले. सौभाग्यवतींनी पुन्हा एकदा दाबून पाहिले आणि काही न बोलता रिकामा डबा पिशवीत भरला.

पुढच्या रविवारी आम्ही हा वृत्तान्त मंडळात सांगितला आणि वादाला तोंड फुटले. दादाचे म्हणणे, की ड्रमची ही आराधना कशाला? उत्तरकाळातल्या अँबॅसिडरची डिस्क, कॅलिपर, बूस्टर जुन्या बाजारात मिळते, ते चढवा आणि मोकळे व्हा. नानांचा याला सक्त विरोध. त्यांची गाडी १९७२ सालची मार्क टू, वडिलांनी घेतलेली. कंपनीने दिली तशीच ती राहिली पाहिजे. केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांवरच्या खासगी गाड्यांना ‘व्हीए’ मालिकेतला वेगळा क्रमांक मिळतो आणि त्यासाठी चासी, बॉडी व इंजिन मूळचे असावे लागते. नियमात ब्रेकचा उल्लेख नाही हे वकीलसाहेबांनी दाखवून दिले, पण नानांचा आग्रह नियमापुरता नव्हताच. दिल्लीत स्टेट्समन वृत्तपत्राची जुन्या गाड्यांची रॅली १९६४ साली सुरू झाली. तेव्हापासून अस्सलपणा हेच शौकिनांचे दैवत होऊन बसले आहे.

आमचे मत या दोघांच्या मध्ये कुठेतरी पडते. बीडची खजिना विहीर घ्या. निजामशाहीच्या काळातले, सोळाव्या शतकातले हे बांधकाम लोकांच्या मनात टिकले ते केवळ जुने म्हणून नव्हे. तिच्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या शेते भिजली म्हणून. पाण्यासाठी तिचा गाळ कोणी काढला तर ती बाटत नाही. पण त्याच भरात तिच्या कमानीला चकचकीत फरशी बसवली तर आम्ही आरडाओरडा करू. दादाची गाडी आठवड्यातून चार दिवस वऱ्हाड घेऊन धावते. तिला डिस्क हवीच. नानांची गाडी महिन्यातून एकदा चालते. तिचे ड्रम निर्दोष असले तर पुरे. ‘निर्दोष असले तर’ हे शब्द मात्र दोघांनाही लागू.

डिस्कचा मामलाही दादा म्हणतो तितका सोपा नाही. डिस्कला ड्रमसारखी स्वतःची ओढ नसते, म्हणून बूस्टर लागतो. बूस्टरला इंजिनमधली पोकळी लागते, आणि डिझेल इंजिनात ती पुरेशी तयार होत नाही. म्हणून अल्टरनेटरवर बसणारा व्हॅक्युम पंप आला. जुन्या मास्टर सिलिंडरमधला झडपा ड्रमच्या सोयीसाठी नळीत थोडा दाब राखून ठेवतो. तो तसाच राहिला तर डिस्क सतत घासत राहते. पुढचा जोर वाढला आणि मागचा तोल सांभाळला नाही तर वेगळेच दुखणे. एका गावी एका कारागिराने हे सारे न पाहता बसवून दिलेली जोडणी दादाच्या मित्राच्या गाडीत आम्ही पाहिली आहे. ती थांबे उत्तम, फक्त पुन्हा निघायला तयार नसे. आणि अखेर गाडी थांबते ती टायरवर. टायरच्या अंगावर चार अंकी शिक्का असतो, पहिले दोन अंक आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आमच्या अकरा गाड्यांतल्या चार गाड्यांचे टायर दहा वर्षांहून जुने निघाले. नक्षी शाबूत, रबर मात्र लाकडासारखे.

या वादाला गांभीर्य यायचे आणखी एक कारण होते, आणि ते बीडच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. ३ जून २०१४ च्या सकाळी दिल्लीत एका चौकात गोपीनाथ मुंडे यांच्या गाडीला दुसऱ्या गाडीची धडक बसली. ते केंद्रात ग्रामविकास मंत्री होऊन जेमतेम आठवडा झाला होता. मागच्या बाकावर बसले होते. ती गाडीही डिकीवालीच होती. १४ ऑगस्ट २०२२ च्या पहाटे बीडहून मुंबईला निघालेले विनायक मेटे द्रुतगती मार्गावरच्या अपघातात गेले.  या दोन घटनांचा आमच्या ड्रमशी काही संबंध नाही, हे आम्ही जाणतो. पण ड्रायव्हर-अण्णांनी त्या दिवशी हे दोन दिवस नुसते उच्चारले आणि दादासुद्धा गप्प झाला. मागच्या बाकाला पट्टे बसवायचे, हा ठराव मंडळाने पहिल्यांदा केला तो त्या वेळी; आणि दुसरा असा, की डिसेंबरच्या धारूरच्या सहलीला ब्रेकची चाचणी झाल्यावाचून एकही गाडी येणार नाही.

चाचणी नानांनीच आखली. महामार्ग रुंद झाल्यावर बाजूला पडलेला जुन्या रस्त्याचा एक सपाट तुकडा आहे, वर्दळ नाही. पहाटे तेथे फक्कीने आडवी रेघ ओढली, टेप लावून २० मीटरवर दुसरी. गाडीत चालकाखेरीज चार माणसांच्या वजनाची वाळूची पोती. वेग ताशी ५०, तोही मोबाइलवर पाहिलेला. कारण आमच्या गाड्यांचे काटे आशावादी आहेत. पहिल्या रेघेवर ब्रेक दाबायचा, दुसरीच्या आत थांबायचे, आणि हे लागोपाठ पाच वेळा. मेख या पाचव्या खेपेत होती. थंड ब्रेकवर कोणीही शूर असतो.

सात गाड्या उत्तीर्ण झाल्या. आमची पाचव्या खेपेला रेघेच्या हातभर अलीकडे थांबली. नानांची मार्क टू पहिल्या तीन खेपा डौलात थांबली. चौथ्या खेपेला ती डावीकडे ओढली जाऊन रेघेपलीकडे दोन गाड्यांच्या लांबीइतकी गेली. पाचवी खेप त्यांनी घेतलीच नाही. ते उतरले, बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. कोणी काही बोलेना. नियम त्यांचाच होता. दादाने पुढे होऊन हळूच म्हटले, “नाना, फक्त पुढं डिस्क टाकू. दिसणारसुद्धा नाही.” नाना म्हणाले, “दिसायचा प्रश्न नाही रे बाबा. माझा बाप ह्याच ड्रमवर धारूर घाट उतरला.” अण्णांनी त्यांना चहा दिला आणि वाळूची पोती उतरवायला सुरुवात केली.

चाचांनी ड्रम उघडले तेव्हा उलगडा झाला. पन्नास वर्षांत ते इतक्या वेळा कातले गेले होते, की भिंत पातळ झाली होती. पातळ भांडे लवकर तापते, लवकर फुगते. आणि उजव्या पुढच्या चाकाची रबरी नळी बाहेरून ठणठणीत, पण आतून सुजून जवळजवळ बुजलेली. दाब उजवीकडे पोचतच नव्हता, म्हणून गाडी डावीकडे जाई. म्हणजे नानांच्या वडिलांनी वापरलेला ब्रेक हा नव्हताच. त्याचे नुसते नाव उरले होते. हे ऐकून नानांच्या चेहऱ्यावर जो हुरूप आला तो आम्ही विसरणार नाही. मूळ जातीचे, न कातलेले ड्रम शोधायचे, एवढाच आता प्रश्न होता. जुन्या सुट्या भागांची मोठी पेठ कोलकात्याच्या मल्लिक बाजारात आहे. तेथे निरोप गेले, फोटो आले, मापे चुकली, पुन्हा फोटो आले.

दरम्यान सहल निघाली. नाना आमच्या गाडीत, मागच्या बाकावर, नव्या पट्ट्यासह. धारूरचा घाट उतरताना आम्ही दुसरा गिअर टाकला आणि पाय बाजूला ठेवला. दुसऱ्या वळणापलीकडे उशिराने कारखान्याकडे निघालेली एक ट्रॉली होती. वर बाजेवर एक म्हातारी, तिच्या मांडीवर पोर, दोघेही मागे तोंड करून बसलेले, आमच्याकडे पाहणारे. घाट संपेपर्यंत आम्ही त्यांच्यामागे चाळीस-पन्नास पावलांचे अंतर राखून चाललो. हॉर्न वाजवला नाही. ते पोर मध्येच हात हलवी आणि सौभाग्यवती उलट हात हलवीत. पायथ्याला आल्यावर नाना मागून म्हणाले, “सर, तीनदा.” त्यांनी आमचे ब्रेक मोजले होते.

ड्रम एप्रिलमध्ये आले. चाचांनी खडू काढला. मेच्या पहिल्या रविवारी, ऊन चढायच्या आत, फक्कीच्या रेघा पुन्हा ओढल्या गेल्या. नानांच्या मार्क टूने पाचही खेपा पुऱ्या केल्या आणि शेवटची रेघेच्या दीड हात अलीकडे, सरळ. टेप धरायला दादाच होता. आता वकीलसाहेबांच्या काँटेसाची पाळी आहे. तिचे टायर त्यांनी अजून बदललेले नाहीत, आणि पुढची तारीख मागितली आहे.